दुकानवाल्याचं पोट्टं

खडतकरबाईंनी पाळणाघराचं फाटक उघडलंच नाही. आधी पिवळी पिशवी फाटकावरून बाहेर दिली, मग श्रेयसला काखेत हात घालून उचललं आणि त्यालाही तसंच, पिशवीसारखं, वरून बाहेर दिलं. पाच वर्षांचं मूल असं देणं-घेणं सोपं नसतं. त्याचा एक बूट वरच्या गजात अडकला. बाईंनी तो आतून अलगद सोडवला, आणि सोडवताना त्या इतक्या हळुवार झाल्या की सुहासिनीला वाटलं, आत्ता या क्षणी यांच्या थोबाडीत द्यावी.

"माझं काही नाही हो," खडतकरबाई म्हणाल्या. "मला तर लळाच लागलाय त्याचा. पण बाकीच्यांचं म्हणणं पडतं ना. ती डॉक्टरांची मुलगी घरी जाऊन त्याच्यासारखं चालून दाखवते. तोंडही तसंच करते. तिची आई म्हणाली, आमची मुलगी चार गोष्टी शिकायला येते, हे शिकायला नाही. आता यावर मी काय बोलणार?"

"फाटक का नाही उघडलं?" सुहासिनीने विचारलं.

"आं?"

"काही नाही."

ती चालायला लागली. रिक्षा केली नाही, कारण रिक्षावाला आरशातून बघतो. श्रेयस कडेवर जड झाला होता. त्याला धरून धरून चालता यायचं. भिंत असली की भिंतीला, कपाट असलं की कपाटाला. पण रस्त्याला धरायला काही नसतं. त्याची लाळ तिच्या ब्लाउजच्या खांद्यात मुरत होती आणि तो ओलावा तिला आता स्वतःच्या घामापेक्षा ओळखीचा झाला होता. खडतकरबाईंचा फोन आला तेव्हा ती कामावर, कॉलेजच्या ग्रंथालयात, पुस्तकांना आकडे घालत होती. प्राचार्यांनी फोन तिच्या हातात देताना घड्याळाकडे पाहिलं होतं. दिग्रसच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या अडून राहिल्या होत्या. विजेच्या तारांना, बाभळीच्या काट्यांना, दुकानांच्या पाट्यांना कापूस लोंबत होता. त्या वर्षी कापसाला कोणी विचारत नव्हतं आणि जिल्ह्याला मात्र सगळे विचारत होते. दिल्लीच्या, मुंबईच्या पांढऱ्या गाड्या यायच्या, कॅमेरेवाले उतरायचे, चहाच्या टपरीवर विचारायचे की काल कोणत्या गावात शेतकरी गेला, आणि टपरीवाला हात लांब करून दिशा दाखवायचा. सुहासिनीला त्या गाड्यांचा राग यायचा. का यायचा ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते. तिला वाटायचं, एवढे डोळे या जिल्ह्यावर लागलेत आणि एकही डोळा माझ्या घराकडे वळत नाही, कारण माझ्या घरात कोणी मेलेलं नाही. माझ्या घरात जे आहे ते जिवंत आहे आणि लाळ गाळतं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "विकास उशिरा होतोय." तो शब्द तिने तेव्हा किती आनंदाने घरी आणला होता! तिचं माहेर पुसदचं, बसस्टँडला लागून असलेल्या गल्लीतलं. वडील कोर्टात कारकून. लहानपणापासून तिला उशीर माहीत होता. उशीर म्हणजे गाडी येणार आहे. महागावची गाडी उशिरा येते, पण येते. लोक पोत्यांवर बसून राहतात, शेंगा खातात, मग कोणीतरी ओरडतं आणि सगळे धावतात. श्रेयसने मान उशिरा धरली, बसला उशिरा, आणि ती वाट बघत राहिली. पुढे कधीतरी तिच्या लक्षात आलं की आपल्या आजूबाजूचे सगळे उठून गेलेत. नवरा, पियूष, उठून गेला दुकानात. सासूबाई गुडघ्यांचं निमित्त करून थोरल्याकडे अमरावतीला गेल्या आणि तिथे त्यांचे गुडघे बरे झाले. राहिली होती मागच्या गल्लीतली हजराबी. गफ्फार मेकॅनिकची ही बायको श्रेयसवर जीव टाकायची. दिवसभर त्याला मांडीवर घेऊन बसायची, घास मऊ करून भरवायची, कपाळावर फुंकर घालायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ये बच्चा नहीं है, फरिश्ता है." त्या वर्षात श्रेयस जी दोन पावलं टाकत होता तीही विसरला. फरिश्त्याला पाय कशाला हवेत? हजराबी सुनेच्या बाळंतपणासाठी ढाणकीला गेली आणि तिकडेच राहिली, तेव्हा सगळ्या गल्लीला वाईट वाटलं. सुहासिनीलाही वाटलं. पण त्या दिवशी तिने गच्चीवर जाऊन, कोणी नाही असं बघून, मोठ्यांदा म्हटलं होतं, "फरिश्ता तुझा तूच ठेव." मग लगेच तिला भीती वाटली होती, कारण आता त्याला ठेवायचं कुठे?

आताही तोच प्रश्न होता आणि पाय आपोआप दुकानाकडे निघाले होते. सासऱ्यांनी सुरू केलेलं कृषी केंद्र, बियाणं आणि फवारणीची औषधं. पियूष गल्ल्यामागे बसला होता, समोर दोन गिऱ्हाइकं. त्याने तिला पाहिलं, तिच्या कडेवर पाहिलं, पिशवी पाहिली, आणि त्याचा चेहरा शटर ओढल्यासारखा झाला.

"इथं नको आणू त्याले," गिऱ्हाइकं गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला. "सगळी जहरं भरून हायेत. हात कुठं जाईल त्याचा?"

त्याचं म्हणणं खरंच होतं. हाच त्याचा दोष होता, की त्याचं म्हणणं नेहमी खरं असायचं. मुलाला धरून भिंतीशी उभं करावं तर भिंतीभर बाटल्या. सुहासिनी त्या बाटल्यांकडे बघत राहिली. निळ्या झाकणांच्या, लाल त्रिकोणाच्या, शिस्तीत उभ्या. खडतकरबाईंच्या पाळणाघरातली मुलं प्रार्थनेला उभी राहतात तशा. दोन वर्षांपूर्वी एका रात्री जेवताना पियूष सहज म्हणाला होता, तांड्यावरचा तो देवसिंग गेला, बाटली आपल्याच दुकानातली होती. मग त्याने वरण मागितलं होतं. तिने वाढलं होतं. पोलीस येऊन विचारून गेले, काही झालं नाही, व्हायचं काही नव्हतंच. फवारणीचं औषध घ्यायला माणूस येतो, तुम्ही देता. तो कोणावर फवारणार हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. तरी त्यानंतर महिनाभर पियूष गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत न बघता बाटली द्यायचा, हे तिने पाहिलं होतं.

"मग कुठं ठेवू?" ती म्हणाली.

"तुझी नोकरी सोड."

"तू दुकान सोड."

नवीन गिऱ्हाईक आलं होतं. त्या माणसाने श्रेयसकडे पाहिलं, मग चटकन नजर वर शेल्फाकडे नेली, जणू त्याला बाटलीच हवी होती. हवीच होती म्हणा. सुहासिनी पायरी उतरली.

तिला एक जागा माहीत होती, आणि माहीत आहे हे ती स्वतःपासून लपवत आली होती. पावसाळ्यात अनघा नावाची एक मुलगी ग्रंथालयात आली होती, नागपूरची, सुती कुर्ता, खांद्याला झोळी. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या मागच्या दालनात त्यांच्या संस्थेने केंद्र काढलं होतं. गेलेल्या शेतकऱ्यांच्या बायका तिथे शिवणकाम करत आणि त्यांची मुलं दिवसभर तिथेच राहत. अनघाला जुनी चित्रांची पुस्तकं हवी होती. बोलता बोलता ती म्हणाली, माझं शिक्षण खरं तर उशिरा वाढणाऱ्या मुलांना शिकवण्याचं आहे, आमच्याकडे तशी दोन आहेत, एक तर आता स्वतःच्या हाताने जेवतो. सुहासिनीने तिला पुस्तकं काढून दिली, धूळ झटकून दिली, चहा पाजला. "तुम्हाला मुलं?" अनघाने विचारलं होतं. "एक," सुहासिनी म्हणाली होती, आणि पुढच्या कपाटाकडे वळली होती.

ती केंद्राच्या अंगणाशी पोचली तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. अंगण आणि रस्ता यांच्यामध्ये कोरडी नाली होती आणि नालीवर एक फरशी टाकलेली. अंगण मोठं होतं, पूर्वी इथे कापसाच्या गाड्या रिकाम्या होत असणार. पलीकडे ओसरी, ओसरीच्या आत दालन, शिलाई मशिनांचा आवाज. अनघाने तिला ओळखलं. मग श्रेयसला पाहिलं. "हा तुमचा?" ती म्हणाली, आणि त्या दोन शब्दांत पावसाळ्यातला तो चहा, ते कपाट सगळं आलं. मग ती खाली बसली, श्रेयसच्या उंचीला आली, त्याचा घोटा धरून पाय वळवून बघायला लागली. सुहासिनीला तिचे ते हात आवडले नाहीत. डॉक्टर जिथे बोटं लावायचे तिथेच ही लावत होती, फक्त हळू.

"मी घेतलं असतं," अनघा शेवटी म्हणाली. "पण हे केंद्र फक्त ज्यांचे वडील गेले त्यांच्यासाठी आहे. पैसे देणाऱ्यांचा नियम आहे तो."

म्हणजे पियूष मेला तर. हा विचार तिच्या मनात इतका सरळ, इतका बिनआवाजाचा आला की तिला धक्काही बसला नाही. ती त्या विचाराबरोबर थोडी पुढे गेली. पियूष मेला तरी नाही. पियूष दुकानदार. दुकानदार मेला तर त्याच्या मुलाला कोणी चित्रांची पुस्तकं आणत नाही, त्याच्या बायकोचा फोटो कोणी काढत नाही. आत मशिनांवर वाकलेल्या बायकांकडे तिने पाहिलं. त्यांच्या मोकळ्या कपाळांचा तिला हेवा वाटला, आणि हेवा वाटतोय हे कळल्यावर तिला त्यांचा राग आला. जसं काही त्यांनीच तो तिला वाटायला लावला होता.

"आजचा दिवस बसा," अनघा म्हणाली. "मी वर फोन करून बघते. पण मुलांना इथल्या बायका सांभाळतात. त्यांचं मन असलं पाहिजे. सोनीबाईंचं मुख्य."

सोनीबाई ओसरीवर मुलांना खिचडी वाढत होती. उंच, हाडापेराची बाई, हातात अजून हस्तिदंती रंगाच्या बांगड्यांचे वळ, बांगड्या नाहीत. तिची नजर आधी श्रेयसवर गेली आणि तिथून सरळ पिशवीवर आली. दिवाळीला दुकानातून गिऱ्हाइकांना वाटतात त्यातली पिशवी होती ती. पिवळी, वर दुकानाचं नाव आणि फुटलेलं कापसाचं बोंड छापलेलं. सुहासिनीने त्यात श्रेयसचे कपडे घातले होते, कारण ती मजबूत असते.

"हे थैली कुठची?" सोनीबाई म्हणाली.

"आमच्या दुकानातली."

"दुकानवाल्याचं पोट्टं होय हे?" ती अनघाला म्हणाली, सुहासिनीला नाही. मग तिने पळी पातेल्यात ठेवली. "देवसिंगनं बाटली ह्याच थैलीत आनलती. थैली मांगं खुटीले टांगून ठेवली, नीट घडी करून. मंग गेला."

एकेक मशीन थांबत गेलं. सुहासिनीला सगळ्यांची तोंडं आपल्याकडे वळलेली दिसली. तिच्या मनात पुष्कळ बोलायचं होतं. मला माहीत आहे, असं म्हणता आलं असतं. वाईट झालं, असं म्हणता आलं असतं. घरून निघालेली बाई रस्त्यात अनेक शब्द गोळा करते आणि ऐनवेळी तोंडात भलताच येतो. सकाळपासून ती ज्यांच्यावर चिडली होती, खडतकरबाई, पियूष, आरशातून बघणारे रिक्षावाले, प्राचार्यांचं घड्याळ, ते सगळे तिथे नव्हते. तिथे सोनीबाई होती.

"ती बाटली गावातल्या सगळ्या दुकानांत मिळते," ती म्हणाली. "आम्ही काय प्यायला दिली होती?"

अनघा "अहो—" म्हणाली आणि थांबली. सोनीबाईने पळी पुन्हा उचलली आणि पुढच्या ताटलीत वाढलं, त्याच्या पुढच्या ताटलीत वाढलं. श्रेयसपुढे ताटली नव्हती. सुहासिनीला आपलं वाक्य ओसरीवर पडलेलं दिसत होतं, उलटी पडावी तसं, आणि कोणीतरी पाणी टाकेपर्यंत ते तसंच दिसत राहणार होतं. निघून जावं असं तिला वाटलं. पण गेल्यावर कुठे, हे ठरलेलं नव्हतं, आणि अशा वेळी माणूस बसून राहतो. तिने श्रेयसला खांबाला धरून उभं केलं आणि पायरीवर बसली.

तो खांबावरून भिंतीला गेला, भिंतीवरून मुलांच्या रांगेपर्यंत. सोनीबाईची मुलगी जमुना, चार वर्षांची असेल, टोकाला बसली होती. तिच्या ताटलीतून वाफ येत होती. श्रेयस खाली बसला आणि त्याने मूठ भरून खिचडी उचलली. जमुनाने त्याची मूठ धरली. मग त्याने मान वाकवली आणि तिच्या दंडाला कडकडून चावला.

"याडी!" जमुना किंचाळली. तिच्या बोलीत ती आईला हाक मारत होती.

सुहासिनी उठेस्तोवर सोनीबाईने श्रेयसला दोन्ही खांद्यांना धरून आपल्यासमोर बसवलं होतं. मारेल, असं सुहासिनीला वाटलं. मारू दे, असंही वाटलं. मग मला हिला मारता येईल. पण सोनीबाईने मारलं नाही. तिने जमुनाचा दंड ओढून त्याच्या डोळ्यांपुढे धरला. दातांची लाल कमान उमटली होती.

"हे काय केलं? काहून चावला?"

श्रेयस दुसरीकडे बघत होता.

"इकडं पाह्य. मी तुले इचारून राह्यली. काहून चावला?"

"त्याला कळत नाही," सुहासिनी म्हणाली. हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं, दवाखान्यात, लग्नघरात, एसटीत, की ते तिच्या तोंडातून श्वासासारखं बाहेर पडलं.

"तू गप," सोनीबाई मान न वळवता म्हणाली. "तुले नाही इचारलं. चावाचं बरं कळते त्याले. मंग हे बी कळन." आणि पुन्हा, "काहून?"

मग ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर माया नव्हती, दया तर नव्हतीच. शत्रूच्या माणसाला धरून आणल्यावर जसं बघतात तसं ती त्या पोराकडे बघत होती, आणि उत्तर घेतल्याशिवाय सोडणार नव्हती. ओसरीवर कोणी हललं नाही. सुहासिनीला तो वेळ असह्य झाला. श्रेयसला कोणी काही विचारलं तर ती लगेच उत्तर द्यायची. नाव काय तुझं? श्रेयस नाव आहे त्याचं. भूक लागली? हो, लागलीय त्याला. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जी जागा असते ती तिने पाच वर्षं कधी रिकामी राहू दिली नव्हती, कारण त्या रिकाम्या जागेत लोक बघतात. आता ती जागा उघडी पडली होती आणि वाढत होती.

श्रेयसने हळूच जमुनाच्या दंडाकडे पाहिलं. मग सोनीबाईकडे. मग त्याची मान खाली गेली. खालचा ओठ पुढे आला, थरथरला, आणि तो रडायला लागला. ते रडणं सुहासिनीने ओळखलं नाही. तो पडला की रडायचा, भूक लागली, दार आपटलं की रडायचा. हे तसं नव्हतं. आवाज न करता, जमिनीकडे बघत, डोळे वर न उचलता तो रडत होता. तिच्या भावाचा मुलगा काच फोडल्यावर रडायचा तसं. कोणतंही पोर चूक पकडली गेल्यावर रडतं तसं. त्याला लाज वाटत होती. आपल्या मुलाला लाज वाटू शकते ही गोष्ट पाच वर्षांत तिच्या मनाला शिवली नव्हती, आणि ती बाहेर काढली होती या बाईने. या ओसरीवर, सगळ्यांसमोर, तिच्याशी वैर असलेल्या बाईने. छातीत काहीतरी इतक्या जोरात पिळलं गेलं की ती आधी त्याला दुःख समजली. ते दुःख नव्हतं. तो मत्सर होता, स्वच्छ आणि पूर्ण.

"आता समजलं," सोनीबाई म्हणाली. तिने एक ताटली ओढली, पळीभर खिचडी घातली, त्याच्यापुढे सरकवली आणि उठून गेली.

दुपारी अनघाने फोन करून परवानगी मिळवली, कशी ते तिने सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "सोनीबाई, तुम्ही ठरवा. तुम्ही नाही म्हणालात तर नाही." सोनीबाई भांडी घासत होती. राखेचा हात तिने पाण्याखाली धरला.

"पोट्टं राहू द्या. मी पाह्यतो त्याले." वऱ्हाडातल्या बायका बोलतात तसं ती स्वतःबद्दल 'पाह्यतो' म्हणाली. "पन हे बाई आत नाही येनार. नालीच्या इकडं पाय नाही टाकाचा."

"सोनीबाई," सुहासिनी म्हणाली, "मघाशी मी बोलले ते..."

"थे मी इसरनार नाही. अन् तू बी नको इसरू." तिने पातेलं उपडं घातलं. "पोट्ट्याचं येगळं. तुझं येगळं."

रात्री पियूषला कळलं तेव्हा त्याच्या हातातला घास तसाच राहिला. "देवसिंगच्या बायकोजवळ? तुले अक्कल हाय का? थे काही करून टाकीन त्याले."

"मग दुकानात ठेव."

त्याने घास खाल्ला. पण त्याने बोलून दाखवलेली भीती तिची स्वतःचीच होती आणि पियूष झोपला तरी सुहासिनी जागी राहिली. आपण आपलं मूल कोणाकडे दिलं? जिच्याकडे आपल्याला शिक्षा करायचं कारण आहे, अशा बाईकडे. ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठींवर आकडे चिकटवताना तिच्या बोटांना घाम यायचा. संध्याकाळी श्रेयस घरी आला की ती दार लावून घ्यायची, त्याचे कपडे काढून अंग न्याहाळायची, पाठ, मांड्या, कानामागे. तोंडाचा वास घ्यायची. वास खिचडीचा यायचा, कधी चुलीच्या धुराचा. एकदा दोन्ही गुडघे फुटलेले सापडले, त्यावर हळद लावलेली. ती दुसऱ्या दिवशी फरशीवर उभी राहून अनघावर ओरडली. अनघा संकोचून म्हणाली, "चालताना पडतो हो. तुम्ही इथपर्यंतच येता ना. इथून ओसरीपर्यंत त्याला कोण नेणार? मला नेहमी जमत नाही. सोनीबाई तर उचलतच नाहीत. म्हणतात, माझ्या कमरेत दुसऱ्याचं पोट्टं उचलायचा दम नाही." म्हणजे हे त्याच्या भल्यासाठी वगैरे नव्हतं. ती त्याला उचलत नव्हती कारण तो दुकानवाल्याचा होता. आणि सुहासिनीला आत बंदी होती. त्या दोघींच्या वैरात जेवढं अंगण पडलं होतं तेवढं त्या मुलाला एकट्याने ओलांडायचं होतं.

सुरुवातीला जमुना धावत यायची, त्याचं बोट धरायची आणि फरफटत न्यायची. दंडावरचे वळ तिने त्याला माफ केलेले दिसत होते, की विसरली होती. तिच्या वयाला ते दोन्ही एकच असतं. फरशीवर उभी राहून सुहासिनी त्यांना जाताना बघायची. सोनीबाई ओसरीवर असायची. दोघींची नजर भेटली की दोघीही ती काढून घेत नसत. बोलणं कधी झालं नाही. एकदा सुहासिनीने संक्रांतीचे तिळाचे लाडू जमुनाच्या हाती पाठवले. ते संध्याकाळी श्रेयसच्या पिशवीत जसेच्या तसे परत आले. दुकानाच्या पिवळ्या पिशवीऐवजी तिने दुसरी, साधी कापडी पिशवी शिवली होती. सोनीबाईने त्याबद्दलही कधी काही म्हटलं नाही.

माघातल्या एका सकाळी जमुना आली नाही. ती अंगणाच्या कडेला नळापाशी हंडा लावून बसली होती आणि पाण्याच्या धारेत बोटं घालत होती. श्रेयसने थोडी वाट बघितली. मग आपला आपण निघाला. धरायला काही नव्हतं म्हणून हात दोन्हीकडे पसरून, पाय फाकवून, डोकं पुढे काढून. अंगणाच्या मध्यावर एक उखडलेला दगड होता. त्याचा पाय त्यावर पडला आणि तो तोंडावर आपटला.

सोनीबाई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. ती थांबली, पण उठली नाही. श्रेयसने मान उचलून आधी मागे पाहिलं, आईकडे. ओठ फुटला होता. सुहासिनीच्या पायाने तिला न विचारता नाली ओलांडली.

"पाय मांगं घे," सोनीबाई म्हणाली. ओरडली नाही. अंगणाच्या त्या टोकावरून तिचा आवाज अगदी जवळून आल्यासारखा आला.

"रक्त येतंय त्याला."

"मले दिसते."

"मग उचल ना!"

"तू पाय मांगं घे."

सुहासिनीला वाटलं, धावत जावं, त्याला उचलावं, सूप तिच्या तोंडावर फेकावं आणि पुन्हा कधी इकडे फिरकू नये. खडतकरबाईंकडून, दुकानातून, सगळीकडून ती अशीच त्याला उचलून निघाली होती. तिच्या हातांना फक्त तेवढंच यायचं. तिने सोनीबाईकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर अजूनही काही मऊ झालेलं नव्हतं, आणि होणारही नव्हतं, पुढच्या वर्षी नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. सुहासिनीने पाय मागे घेतला.

श्रेयसने हे पाहिलं. मग त्याने समोर पाहिलं. तिकडूनही कोणी येत नव्हतं. त्याचा चेहरा लाल झाला, मान फुगली. त्याने मूठभर माती उचलली आणि आईच्या दिशेने फेकली. दुसरी मूठ सोनीबाईच्या दिशेने. दोन्ही तिथेच, त्याच्याच आसपास पडल्या. तो घशातून मोठा, फाटका आवाज काढत राहिला. तो आवाज रडण्याचा नव्हता. शब्द असते तर ती शिवी झाली असती. मग त्याने दोन्ही हात जमिनीवर टेकले, ढुंगण वर केलं, एक पाय रोवला, दुसरा रोवला, आणि डुलत उभा राहिला.

तो आईकडे आला नाही. ओसरीकडेही गेला नाही. हात पसरून, ओठातलं रक्त हनुवटीवरून गळत असताना, तो वळला आणि नळाकडे चालत गेला. धारेखाली तोंड घालायला तिथे जागा नव्हती, कारण जमुना मध्ये बसली होती. त्याने तिला ढकललं. जमुनाने त्याला ढकललं. कोणीच पडलं नाही.